रामाला ‘फँटसी’ म्हणायचं का?

पत्र:

ताई, मी चोवीस वर्षांची, कुडाळजवळच्या गावातली. पुण्यात इंग्रजी साहित्यात एम.ए.चं शेवटचं वर्ष चालू आहे. शाळेपासून मला मिथकांवर उभ्या असलेल्या मोठमोठ्या फँटसी कादंबऱ्यांचं वेड. पुढे पीएच.डी.ही त्यातच करायची आहे. दुसरीकडे, गेल्या काही सुट्ट्यांत मी सावंतवाडीला गंजिफा (खेळायचे गोल पत्ते) रंगवायला शिकले आणि आता तेही सोडवत नाही. दोन्ही जोडून विषय मांडला, तर एक प्राध्यापक म्हणाले, ‘हस्तकला हा साहित्याचा विषय नव्हे. गंजिफा हवी तर एखाद्या प्रकरणात उदाहरण म्हणून घाल.’ ज्या काकांकडे मी शिकते त्यांना विषय सांगितला, तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, ‘राम म्हणजे काय खोटी गजाल (गोष्ट) काय गो?’ ते मनाला लागलं. घरी बाबा विचारतात, राक्षसांच्या गोष्टींवर पाच वर्षं घालवून नोकरी कुठे लागणार? मी काय करू?

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

तू तीन माणसांची तीन वाक्यं लिहिली आहेस. तिन्हींना उत्तर द्यायचं आहे, पण सुरुवात काकांपासून करते. प्राध्यापक मार्गदर्शक म्हणून मिळाले नाहीत तर दुसरे मिळतील, बाबा आज ना उद्या ऐकतील. काकांच्या प्रश्नाला तुझ्याकडे सच्चं उत्तर नसेल, तर मात्र प्रबंध लिहून झाला तरी तुला त्यांच्याकडे जाऊन बसणं जड जाईल. शिवाय तिघांत सगळ्यात खोल प्रश्न त्यांचाच आहे. मिथकाधारित फँटसीचे अभ्यासक गेली कित्येक वर्षं ज्या प्रश्नाशी झुंजतायत, तो त्यांनी एका वाक्यात विचारला.

त्याचं उत्तर तुझ्याच गावच्या जत्रेत आहे. तू कुडाळकडची, म्हणजे दशावतारी नाटकाला रात्र जागवली असणारच. आधी आडदशावतार, म्हणजे मुख्य कथेआधीचा भाग: गणपती येतो, सरस्वती येते, काळ्या कपड्यांतला, लाल जीभ लोंबणारा संकासुर येतो आणि समोरच्या माणसांशी मालवणीत हुज्जत घालतो. त्याने वेद चोरलेत हे सगळ्यांना ठाऊक, तरी पोरंटोरं त्याच्यावर खूश. मग मुख्य आख्यान लागतं. आता आठव, बसलेली माणसं आधी एकमेकांना काय विचारतात? आज आख्यान कुठलं, पौराणिक की काल्पनिक?

हे दोन शब्द नीट धरून ठेव. पौराणिक म्हणजे रामायण, महाभारत, पुराणं यांतली कथा. काल्पनिक म्हणजे कंपनीने स्वतः रचलेली. राजा कोणत्याही ग्रंथात न सापडणारा, राणी तशीच, एखादा शाप, एखादा नाग, एखादा मातलेला असुर, आणि हल्ली बरोबर ट्रिकसीन, म्हणजे रंगमंचावरची चमत्कारदृश्यं. नट तेच, मुकुट तेच, ज्याने त्याने आपल्या पेटाऱ्यातून काढून आपल्याच हाताने केलेली रंगभूषा तीच, पेटी-मृदंगाची साथ तीच. पाहणाऱ्यांचा मात्र गोंधळ होत नाही. त्यातली बारीक गोष्ट अशी की काल्पनिक आख्यानातसुद्धा असुराला वर द्यायला महादेवच येतो. असुर रचलेला, वर रचलेला. महादेवाला कोणी रचलेला म्हणत नाही. नमस्कार करणाऱ्या म्हातारीला दोन्ही गोष्टी एकाच वेळी कळतात आणि तिला त्यात काही अडचण वाटत नाही.

म्हणून काकांना सांग की रामाला मी कल्पित म्हणत नाही. जत्रेतल्या माणसाला जो फरक रात्री दोन वाजता पेंगतानाही कळतो, तोच मी तपासणार आहे: श्रद्धेतलं विश्व कुठे संपतं आणि रचणाऱ्याची करामत कुठे सुरू होते. हे तू त्यांना मालवणीतच सांग. मला वाटतं, ते ऐकून घेतील. आणि त्यांना पटलं नाही, तर ते काय म्हणतात ते लिहून ठेव. तोही तुझ्या अभ्यासाचाच भाग आहे.

या मुद्द्यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलंय. अमेरिकन अभ्यासक ब्रायन अ‍ॅटबरी यांनी २०१४ च्या आपल्या पुस्तकात फँटसीकडे पाहिलंय ते आधुनिक माणूस मिथकांशी आपलं नातं कसं नव्याने जोडतो, या अंगाने. त्यांच्या विवेचनात ऑस्ट्रेलियाच्या पॅट्रिशिया राइटसन येतात आणि ते उदाहरण तुझ्या फार कामाचं आहे. राइटसन गोऱ्या लेखिका, मुलांसाठी लिहिणाऱ्या, १९८६ मध्ये हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळालेल्या. त्यांना ऑस्ट्रेलियाची फँटसी त्याच मातीतल्या भुताखेतांवर उभी करायची होती, म्हणून त्यांनी आदिवासींच्या लोककथा वापरल्या. पवित्र कथांना हात लावायचा नाही, खडकांतली, झऱ्यांतली लहानसहान भुतंच घ्यायची, असं पथ्यही पाळलं. तरी पुढे त्यांच्यावर टीका झाली. ज्यांच्या कथा होत्या त्यांना विचारलं कोणी, हा प्रश्न उरलाच. आपल्याकडे कोणी उद्या देवचार आणि राखणदार, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या अदृश्य शक्ती घेऊन कादंबरी लिहिली, तर त्यांना गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकराला काय वाटेल, ही कल्पना करून बघ. पवित्र काय आणि नुसतं भूत काय, याची रेघ बाहेरच्याने आखायची नसते, हे राइटसन यांच्या उदाहरणातून शिकण्यासारखं आहे. तू बाहेरची नाहीस, पण विद्यापीठात गेलीस की थोडी बाहेरची होतेस. म्हणून काकांचं गप्प होणं मनावर घेतलंस ते चांगलंच केलंस.

आता प्राध्यापक. ‘उदाहरण म्हणून घाल’ हा सल्ला मला मान्य नाही, आणि ज्या लेखकाच्या नावाने हे अभ्यासक्षेत्र ओळखलं जातं त्यालाही तो मान्य झाला नसता. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टॉल्किन यांनी २५ नोव्हेंबर १९३६ रोजी ब्रिटिश अकादमीत ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यावर व्याख्यान दिलं. त्यांची तक्रार अशी होती की विद्वान मंडळी या काव्याचा उपयोग खाणीसारखा करतात. इतिहास खणून काढतात, भाषा खणून काढतात, आणि ते काव्य आहे, त्याच्या मध्यभागी राक्षस आहेत ते मुद्दाम ठेवलेले आहेत, याकडे बघतच नाहीत. त्यानंतर ८ मार्च १९३९ ला सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर बोलताना त्यांनी दुय्यम विश्वाची कल्पना मांडली: रचणाऱ्याने असं जग उभं करायचं की आत शिरलेल्या माणसाला त्याचे नियम खरे वाटावेत. या दोन व्याख्यानांपुढे गंजिफा ठेव. तिच्यातून फक्त उदाहरण खणून काढायचं, की तिच्या नियमांनी उभं राहिलेलं जग म्हणून ती वाचायची? प्राध्यापकांशी बोलणं इथून सुरू कर.

हस्तकला साहित्याच्या बाहेरची, हे तर इंग्रजी फँटसीच्या इतिहासालाच धरून नाही. विल्यम मॉरिसने १८९० च्या दशकात पूर्ण कल्पित जगांतले जे प्रदीर्घ रोमान्स लिहिले, त्यांना आधुनिक फँटसीच्या आरंभी स्थान देतात. हा माणूस विणकर होता, रंगारी होता, छपाई करणारा होता. १८७० च्या दशकात इंग्लंडमधल्या लीक गावी थॉमस वॉर्डल या रंगाऱ्याच्या कारखान्यात तो नैसर्गिक रंग शिकला, नीळ करताना हात कोपरापर्यंत निळे करून घेत. (वॉर्डल पुढे भारतात आला. आपल्या टसर रेशमावर आणि वनस्पतिरंगांवर त्याने बरंच काम केलंय.) एका बाजूला हे आणि दुसरीकडे एका आइसलँडी मित्राच्या मदतीने जुन्या नॉर्स सागांची, म्हणजे गद्य वीरकथांची भाषांतरं. १८९१ मध्ये स्वतःचा छापखाना काढून आपले रोमान्स त्याने स्वतः घडवलेल्या टायपात छापले. टॉल्किन यांनी १९१४ मध्ये बक्षिसाच्या पैशातून मॉरिसची पुस्तकं घेतली आणि त्याच सुमाराला फिनलंडच्या ‘कालेवाला’ या महाकाव्यातली एक शोकांत कथा मॉरिसच्या धाटणीने लिहायला घेतली. हाताचं काम आणि मिथकाची पुनर्रचना एकाच माणसाच्या दिवसात शेजारी-शेजारी होती. नंतर विद्यापीठांनी त्यांना दोन इमारतींत बसवलं.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर फ्रान्समधल्या ओब्युसोंचं घे. तिथली टॅपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर टांगायची चित्रं विणण्याची परंपरा काही शतकांची, २००९ पासून युनेस्कोच्या यादीत. तिथल्या संस्थेने टॉल्किन यांच्या वारसांशी करार केला आणि टॉल्किननी स्वतः काढलेली छोटी जलरंगचित्रं भिंतभर मापाच्या टॅपेस्ट्रींमध्ये विणायला घेतली. पहिली २०१८ मध्ये मागावरून उतरली. ओब्युसोंचा विणकर आडव्या मागावर उलट बाजूने विणतो. ताण्याखाली चित्राचा नकाशा आणि समोर कापडाची पाठ, सुलट बाजू पुरी दिसते ती काम उतरल्यावर. पाण्यात विरघळलेली जलरंगाची एक छटा लोकरीत कशी आणायची, किती धागे एकत्र करायचे, हे प्रत्येक ठिकाणी ठरवावं लागतं. ते ठरवणं हे त्या चित्राचं वाचनच आहे. कुठल्याही शोधनिबंधाइतकं बारकाईचं.

आता गंजिफा. मला वाटतं तुझा विषय तुझ्या हातात आधीच आहे, फक्त तू त्याला फार मोठं नाव दिलंयस.

दशावतारी गंजिफात १२० पानं. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. तिघांत वाटली की प्रत्येकी चाळीस. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन या पाचांत राजा-प्रधानानंतर दश्शी वरचढ आणि एक्का तळाला. परशुरामापासून कल्कीपर्यंत उलट, तिथे एक्का वरचढ आणि दश्शी सगळ्यात हलकी. दिवसा खेळत असाल तर ज्याच्या हातात रामाचा राजा त्याची उतारी, म्हणजे पहिलं पान त्याने टाकायचं, रात्री कृष्णाचा राजा असेल त्याची.

हे तुला पाठ असणार. पण हा उलटा क्रम पाहून त्यातून अवतारांचं तत्त्वज्ञान काढायचा मोह होतो (पहिले पाच पूर्ण माणूस नव्हेत, म्हणून त्यांचा हिशेब वेगळा, वगैरे) तो टाळ. कारण इराणातून आलेल्या मुघल गंजिफात, ९६ पानं आणि आठ रंग असलेल्या, हाच नियम आहे. तिथे चार रंगांत वरून खाली आणि चारांत खालून वर. क्रमाची उलटापालट दशावताराने आणलेली नाही, ती त्याला खेळाच्या सांगाड्याबरोबर मिळाली.

आणि मग खरी गंमत दिसते. मुघल गंजिफात दिवसा उतारी असते ती सुर्खच्या राजाची, म्हणजे सोन्याच्या नाण्याची, आणि रात्री सफेदच्या राजाची, म्हणजे चांदीच्या नाण्याची. सोनं सूर्याचं, चांदी चंद्राची. हा खेळ दशावतारात ओतताना कोणीतरी, कुठल्यातरी चितारीने किंवा खेळणाऱ्याने किंवा दरबारातल्या पंडिताने ठरवलं असणार की सोन्याच्या नाण्याच्या जागी कोण आणि चांदीच्या जागी कोण. दिवसाला सूर्यवंशी राम दिला आणि रात्रीला चंद्रवंशी, मध्यरात्री जन्मलेला कृष्ण. निदान मला तरी ते असंच वाचता येतं. दहा अवतारांतून नेमके हे दोन उचलण्यात मिथकाची केवढी जाण आहे! यात कथानक नाही, एक ओळ मजकूर नाही, आणि तरी हे मिथकाचं रचनाकार्य आहे. एका संस्कृतीतून आलेला सांगाडा घेऊन त्यात दुसऱ्या संस्कृतीचं विश्व इतकं चपखल बसवणं, की दोनतीन पिढ्यांनी ते पहिल्यापासून तसंच होतं असं वाटावं.

तेव्हा माझ्या मते तुझा प्रश्न असा असावा: कथा काढून टाकली आणि फक्त नियम, क्रम आणि चित्रं उरली, तर मिथकाचं विश्व कशाने टिकतं? फँटसीच्या अभ्यासात जग रचण्याबद्दल खूप लिहिलं गेलंय, पण ते बहुतेक कादंबरीवर बेतलेलं, म्हणजे नकाशे, वंशावळी, शोधयात्रा. रशियन अभ्यासक व्लादिमिर प्रॉपने १९२८ मध्ये रशियन परीकथांमधून ३१ कार्यं, म्हणजे पात्रांच्या ठरावीक कृती काढल्या त्या क्रमवार, एकामागून एक येणारी. गंजिफात पानं पिसली की क्रमच मोडतो. नृसिंहावर कल्की येतो, कल्कीवर मत्स्य. तरी विश्व मोडत नाही. का? हे प्रॉपच्या साधनांनी पुरतं उकलणार नाही, आणि जिथे साधन अपुरं पडतं तिथे प्रबंध लिहिण्याजोगी जागा असते. पीएच.डी.ला एवढं पुरे. दशावतार, चित्रकथी (चित्रं दाखवत गाऊन सांगायची कथा), लाकडी खेळणी असं सगळं एका पोतडीत भरू नकोस.

चित्रकथीचं मात्र एक प्रकरण करता येईल, तुलनेसाठी. पिंगुळी तुझ्या घरापासून जवळ. ठाकर समाजातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली, आणि त्यांनी आपल्या गोठ्यात उभं केलेलं कला आंगण तू पाहिलं असशीलच. चित्रकथीत पानं सुटी असतात, पाठीला पाठ लावून चिकटवलेली, एका आख्यानाच्या संचाला पोथी म्हणतात. पण इथे क्रम मोडून चालत नाही, कारण चित्रावर मजकूर नसतो आणि गाणारा पान उलटेल तशी गोष्ट पुढे सरकते. संच फुटून पानं वेगवेगळ्या संग्रहालयांत गेली की गाणाऱ्यावाचून कितीतरी पानांचा प्रसंग ओळखणंही कठीण होतं. सुटी पानं दोन्हीकडे, एकीकडे क्रम म्हणजे जीव आणि दुसरीकडे पिसणं म्हणजे जीव. एवढी तुलना नीट केलीस तरी त्या प्रकरणाचं सार्थक होईल.

तुझ्याकडे असलेली एक गोष्ट बहुतेक अभ्यासकांकडे नसते, ती म्हणजे ब्रश धरलेला हात. गंजिफावरचा महत्त्वाचा अभ्यास रूडी फॉन लायडन यांनी केला. जन्माने जर्मन, मुंबईत राहिलेले कलासमीक्षक. १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये भारतीय गंजिफांचं प्रदर्शन भरलं ते त्यांच्याच अभ्यासावर. पाया म्हणून ते वाच. पण ते संग्राहकाच्या नजरेने झालेलं काम आहे, टेबलावर मांडलेल्या तयार पानांचं. तू पान होताना पाहतेस. सावंतवाडीची कला टिकली तीही अशाच हातांमुळे. १९७० च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली, तेव्हा पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर ही कला जाणणारे उरले होते. राणीसाहेबांनी त्यांच्याकडे बसून ती स्वतः शिकून घेतली. पुस्तकातून ती आली नसती.

म्हणून रोजनिशी ठेव, आजपासून. मत्स्याची दश्शी रंगवताना दहा मासे त्या चिमुकल्या वर्तुळात कसे बसवलेस? सगळ्यांची तोंडं एका दिशेला, की समोरासमोर? काका आधी जमीन (मागचा रंग) लावतात की आधी काठ? राजाचा डोळा कधी उघडतात, सगळ्यात शेवटी का, आणि तेव्हा काही म्हणतात का? एक्क्यावरचा एकटा मासा आणि दश्शीवरचे दहा मासे यांत काका बारकावा कमी करतात का, आणि केला तर कुठला सोडत नाहीत? डोळा सोडत नसतील, खवले सोडत असतील, तर मासा म्हणजे काय हे त्यांच्या हाताने ठरवलेलं आहे. घराघरांत, हाताहातांत हे बदलत असणार. बदल कुठे चालतो आणि ‘असा नाय, चुकला’ कुठे म्हणतात, याची नोंद सगळ्यात मोलाची. एखादी गोष्ट चुकली म्हणण्याला आधार लागतो, आणि तो आधार म्हणजेच त्या विश्वाचा नियम.

एक विनंती. इंग्रजी सिद्धान्ताकडे जाण्याआधी दुर्गाबाई भागवत आणि रा. चिं. ढेरे वाच. नुसतं चाळू नकोस, टिपणं काढून वाच. लोकदैवतांकडे बघताना श्रद्धा आणि चिकित्सा एकाच पानावर कशी नांदवायची हे ढेरे यांच्याकडून शिकता येतं, आणि काकांच्या प्रश्नाला तोंड द्यायला तेच उपयोगी पडणार आहे. मराठीतही अद्भुताची परंपरा जुनी आहे. १८६१ ची ‘मुक्तामाला’ आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांना आपण पुढे वास्तववादाच्या भरात कमी लेखलं. प्रस्तावनेत त्यांचा उल्लेख झालाच पाहिजे, नाहीतर फँटसी इंग्रजीतून आली असं वाचणाऱ्याला वाटेल.

मार्गदर्शकांबद्दल: २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार सहमार्गदर्शक घेता येतो, दुसऱ्या विभागातला किंवा दुसऱ्या संस्थेतलासुद्धा. इंग्रजी विभागात मुख्य मार्गदर्शक आणि लोककलेचा जाणकार सहमार्गदर्शक, अशी जोडी शोध. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे, तिथे जाऊन बोल. त्या प्राध्यापकांकडेही पुन्हा जा, पण या वेळी दोन पानांचा आराखडा घेऊन, ज्यात गंजिफा पहिल्या ओळीत असेल आणि राम-कृष्णाच्या उतारीचा मुद्दा पहिल्या परिच्छेदात. तरीही नाही म्हणाले तर आभार मानून दुसरं दार ठोठाव. या विषयाला मान्यता नाही असं कोणी म्हटलं, तर सांग की ग्लासगो विद्यापीठात २०१५ पासून फँटसीचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, २०२० पासून त्यासाठी वेगळं केंद्र आहे, आणि अमेरिकेतली मिथोपोइक सोसायटी १९६७ पासून काम करतेय. त्यांच्या ‘मिथलोर’ या नियतकालिकाचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. मात्र कर्ज काढून ग्लासगोला जाण्याचा विचार सध्या नको. तुझं मूळ साहित्य सावंतवाडीत आहे.

काकांशी व्यवहाराचंही बोल. आपल्याकडे कलाकाराला ‘माहिती दिली’ म्हणून ऋणनिर्देशाच्या शेवटच्या ओळीत बसवायची वाईट खोड आहे. त्यांनी सांगितलेल्या खुणा, क्रम, युक्त्या यांतलं काय छापायचं आणि काय नाही, हे त्यांना विचारून ठरव. फोटो काढण्याआधी विचार. त्यांचा दिवस मोडत असेल तर त्या दिवसाचे पैसे दे, शिष्यवृत्ती मिळाली की खर्चाच्या अंदाजात तशी रक्कमच धर. प्रबंधात त्यांच्या म्हणण्याखाली त्यांचं नाव घाल, त्यांना हवं असेल तर. आणि तू ही कला वाचवायला निघालीयस असं कुठेही लिहू नकोस. ती त्यांची रोजीरोटी आहे, ते ती रोज करतायत.

राहता राहिले बाबा. त्यांची काळजी खोटी नाही. प्राध्यापकाच्या जागा किती भरल्या जातात हे घराघरांत ठाऊक आहे, त्यामुळे त्यांना स्वप्नं न दाखवता हिशेब दाखव. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ (तीच, पण वरिष्ठ) झाली की ४२,०००, वर घरभाडं. म्हणजे या काळात तू घरून पैसे मागत नाहीस. त्यासाठी एम.ए.च्या शेवटच्या सहामाहीतच नेटला बस, आणि राज्याच्या सेटलाही. पंचवीस पूर्ण झाली की केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची कनिष्ठ अधिछात्रवृत्तीही तुझ्यासाठी आहे. महिना १०,००० रुपये, दोन वर्षं, पंचविशी ते चाळिशीतल्यांसाठी. जेआरएफ मिळाली नाही तर हा दुसरा मार्ग हाताशी राहील. पीएच.डी.ची किमान मुदत तीन वर्षं आहे, कमाल सहा. बाबांशी चार वर्षांचं बोल आणि ते पाळ. दोन वर्षांत यातली एकही शिष्यवृत्ती हाती आली नाही, तर शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी धरून काम अर्धवेळ पुढे नेशील, हेही त्यांना आधीच सांगून टाक. वडिलांना बहुतेक वेळा एवढंच ऐकायचं असतं, की पोरीने वाईट काळाचाही विचार केलाय.

आणि रंगवणं सोडू नकोस, प्रबंधाच्या धावपळीत सगळ्यात आधी तेच सुटतं. आठवड्यातला एक दिवस त्याला बांधून टाक. पुण्यात राहूनही एक रंग पुरा करता येतो. वराहापासून सुरू कर, म्हणजे पुढच्या सुट्टीत काकांना दाखवायला बारा पानं तयार असतील आणि त्यांना काय चुकलंय ते सांगता येईल.

तुझी,
ताई